किल्ल्यातला एक शब्द

लॉफ्ट आवरताना लेकीने शाळेसाठी काढलेलं किल्ल्याचं चित्र सापडलं, आणि वीसेक वर्षांपूर्वीची लंडनमधल्या हॅरोतली संध्याकाळ आठवली. ट्रेनमध्ये तासभर उभी राहून मी नुकतीच घरी आले होते, ओला कोटही अंगातच होता. सात वर्षांची लेक चित्रातल्या इंग्रजी शब्दांखाली मराठी शब्द लिहीत होती. मोटला मी खंदक सांगितलं, टॉवरला बुरूज. "आई, कीपचा मराठी काय आहे?" कीप म्हणजे शत्रू आत घुसल्यावर शेवटचा आसरा असलेली मधली गढी, तिला शब्द शोधायचं त्राण माझ्यात नव्हतं. "ठेव गं आता ते!" मी वैतागून म्हणाले. तिने काहीतरी लिहिलं. लेक आता एडिनबराला असते, फोनही क्वचितच येतो. चित्र रीसायकलिंगच्या पिशवीत टाकणार, तोच गढीखालची वाकडी अक्षरं दिसली: ठेव.