दात जळल्याचा वास
दाताच्या डॉक्टरांनी मशीन लावलं, जळका वास आला आणि मी मनानं लहानपणीच्या आलापल्लीला, अब्बांच्या दुकानात पोचले. अब्बा लेथ मशीनवर पलंगाचे सागवानी पाय कातायचे. त्या दुपारी एका अनोळखी माणसानं त्यांना पांढरा तुकडा दिला. "बैलाचं हाड हाय. मणी करून द्या."

मशीन फिरलं, हाच वास उठला. अब्बांनी तुकडा उजेडात धरला. त्यावर बारीक जाळी होती.

"हाडाला अशी जाळी नसते. हा हत्तीचा दात हाय. मी नाई कातत."

माणसानं आतून कडी लावली. अब्बांच्या दाढीतून घाम टपकला, पण हात मशीनकडे गेला नाही. शेवटी माणूस तुकडा उचलून गेला.

तेव्हा मी त्या माणसाला भ्याले. हत्ती मनातही आला नाही.

"दुखलं तर हात वर करा," डॉक्टर म्हणाले. भूल दिलेली, दुखत नव्हतं. हत्तीला कुणी भूल दिली नसेल. मी हात वर केला.