हल्याची राखण

ओमेश्वर रहांगडाले कोण, असं आमगावात कोणालाही विचारा. मिलमधला तो धिप्पाड हमाल, एवढं सांगतील आणि गप्प होतील. त्याच्या अंगापलीकडे कोणी पाहिलंच नाही, तर सांगतील काय? दहा वर्षं एकाच राईस मिलमध्ये तो पोती उचलत होता आणि मी, टिंकू, काट्यावर बसून त्या पोत्यांचं वजन लिहीत होतो. दुपारी चारला पाळी सुटली की आम्ही दोघं एकाच मशीनवर मारामारी करायचो. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे. लिहिताना मान खाली जावी असंही त्यात एक आहे. ते मी लपवणार नाही, तेवढं एकदा लपवून झालंय.

१९९९ साली छोटेलालने स्टेशनच्या रस्त्यावर, सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेम लावले. दोन मशिनी गाडी पळवायच्या होत्या, तिसरी फाईटची. ती कुठून कुठून फिरून आली होती देव जाणे. तिच्यावरची अक्षरं कोणत्या देशाची होती हेही कोणाला कळत नव्हतं. त्यामुळे आतल्या गड्यांची नावं आम्हीच ठेवली. माझा गडी होता काडी. हडकुळा, हातात लांब दांडा, उड्या मारत फिरणारा. आणि ओमेश्वरचा गडी हल्या. मान जवळजवळ नाहीच, पोट पुढे, हात खांबासारखे. खरंच एखादा हल्या, म्हणजे रेडा, मागच्या दोन पायांवर उभा राहावा तसा तो दिसायचा.

हल्या फार कोणी घेत नसे. का घेत नसे तेही सांगतो. तो चालायचा असा की पाहणाऱ्याला जांभई यावी. उडी मारली तर वीतभर. एवढं मोठं अंग, त्यामुळे लांबून फेकलेला प्रत्येक आगीचा गोळा बरोबर त्यालाच लागायचा. पडला की उठायला वेळ, आणि तेवढ्यात मागून दोन रट्टे. पण त्याच्यात जोरही तसाच होता. बारीकसारीक मार त्याला थांबवू शकत नसे. दुसरा गडी तीन ठोशांत डगमगला असता, हा दहा खाऊन पुढे सरकत यायचा. आणि एकदा का जवळ आला, कमरेत हात घालून उचललं आणि आपटलं, की स्क्रीनवरची समोरच्याची जीवाची पट्टी निम्मी साफ. एका पकडीत निम्मी. म्हणून ओमेश्वरला हल्या आवडायचा. तो म्हणायचा, "आपल्याले कायले उड्या पाहिजेत गा? मार खाचा, सरकाचं, पकडाचं."

मशीनला खेळायच्या दोन बाजू होत्या, एक नंबर आणि दोन नंबर, आणि प्रत्येक बाजूला चार बटणं. लाल ठोशाचं, पिवळं लाथेचं, पांढरं पकडीचं आणि निळं राखणीचं. निळं दाबून धरलं की गडी दोन्ही हात तोंडासमोर धरायचा आणि मार वाया जायचा. शेताची करतात तशी अंगाची राखण, म्हणून आम्ही तिला राखण म्हणायचो. माझी काडी राखण करायची. ओमेश्वरचा हल्या करत नसे. निळं दाबलं तरी तो तसाच उभा. चार-सहा महिने त्याने दाबून पाहिलं, मग सोडून दिलं. दोन नंबरच्या बाजूला उभं राहणाऱ्या बाकीच्यांनाही राखण जमत नसे. पण ते ती बाजूच अपशकुनी मानत आणि एक नंबरसाठी भांडत. ओमेश्वरला भांडायची सोय नव्हती. एक नंबरची बाजू खांबाला लागून होती. खांब आणि मशीन यांच्यात माझ्यासारखा काटकुळा मावायचा, ओमेश्वर नाही. पहिल्या दिवशी त्याने अंग चोरून पाहिलं, खोलीतली सगळी माणसं हसली. तो पण हसला आणि दोन नंबरवर जाऊन उभा राहिला. पुढची अकरा वर्षं तो तिथेच उभा राहिला. निळं दाबूनही हल्या हात वर करत नाही, यावरून त्याने धडा काढला, "हल्याले राखण नसते."

तो होता पवार समाजातल्या बऱ्या घरचा. सालेकशाकडे धानाची शेती, तीन भाऊ. वाटणीच्या वेळी थोरले दोघं म्हणाले की याचं काय, हा कुठेही कमावून खाईल, याला देवाने अंग दिलंय. म्हणून शेतीतला बरा तुकडा त्यांच्याकडे गेला आणि अंग याच्याकडे राहिलं. १९९९ सालीच तो मिलमध्ये आला. पंचाहत्तर किलोचं पोतं. दोघांनी उचलून पाठीवर द्यायचं आणि एकाने घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, अशी हमालांची रीत. ओमेश्वरला एकच देणारा पुरायचा. थोड्या दिवसांत मुकादम उदारामने दुसरा देणारा कमीच करून टाकला. एखादा आजारी पडला की त्याची पोती ओमेश्वरकडे. लग्नघरचे मंडपाचे बांबू, कोणाचं कपाट, कोणाची आटाचक्की, सगळं ओमेश्वरकडे. एका माघात कचारगडच्या जत्रेला गेलो, तर एका अनोळखी म्हातारीला पाठीवर घेऊन गुहेपर्यंत चढला. उतरताना म्हातारीच्या मुलाने स्वतःचं गाठोडंही याच्याच खांद्यावर टाकलं आणि बिडी ओढत पुढे चालू लागला. मला त्या माणसाचा असा संताप आला! ओमेश्वर म्हणाला, "जाऊ दे ना बे, चालूनच त राहिलो." नाही म्हणणं हे त्याच्या अंगातच नव्हतं, असं आम्ही सगळे म्हणायचो. असं म्हणणं आमच्या सोयीचं होतं.

२००४ च्या उन्हाळ्यात फाईटची मशीन बंद पडली. छोटेलालने नागपूरहून मिस्त्री बोलावला. त्या दिवशी माझी सुटी होती, ओमेश्वर मिलमध्ये ट्रक भरत होता. मिस्त्रीने मागची फळी काढली, मला टॉर्च धरायला लावली. काम करता करता तो म्हणाला, "अरे, दो नंबर का नीला बटन तो जुड़ा ही नहीं है. तार ही नहीं डाली किसी ने." छोटेलालला निळ्याचं काम काय ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "रहने दो भैया, चल रहा है ना." मिस्त्रीने फळी लावली.

म्हणजे हल्याला राखण होती. पहिल्या दिवसापासून होती. फक्त ओमेश्वर उभा होता त्या बाजूला तिची तार नव्हती.

हे मी त्याच संध्याकाळी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. तो आला, मान पुसली, दोन नंबरवर उभा राहिला. आम्ही खेळलो. माझ्या काडीने लांबून लांबून दांडा मारून त्याला लोळवलं. नेहमीसारखा तो हसून म्हणाला, "घे बापा, हरलो." मी नाही सांगितलं.

का नाही सांगितलं याचं कारण काही फार खोल नाही. मिलमध्ये मी कोण होतो? काट्यावरचा टिंक्या. हमाल येता-जाता टपली मारायचे, वाऱ्याने उडशील म्हणायचे. त्या एका खोलीत, त्या एका मशीनसमोर, आमगावचा सगळ्यात मोठा गडी मी रोज पाडत होतो. पाहणारे वाहवा करायचे. मला ते हवं होतं. आणि मी मनाला समजावलं की खेळच तर आहे, त्याने कोणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते २००७ मध्ये. ओमेश्वरला कमरेत कळ येऊ लागली, मग ती डाव्या पायात उतरायला लागली. गोंदियाच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की मणक्यातली गादी सरकते आहे. ओझं उचलणं आजपासून बंद, नाहीतर हा पाय जाईल. उदाराम वाईट माणूस नव्हता. त्याने शिवाईची जागा देऊ केली. भरलेल्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवायचं, बसल्या बसल्या, मोठी सुई घेऊन. म्हातारा शिवणारा दिवाळीला काम सोडून जाणार होता. तोवर सांग, म्हणाला.

ओमेश्वर काही हो म्हणेना. त्याची बायको उर्वशी माझ्याकडे आली, थेट काट्यावर. डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला.

"भाऊजी, तुमचंच आयकते ते. सांगा ना त्याईले. पाय गेला त मी काय करू?"

"सांगतो वहिनी," मी म्हणालो.

त्याच दिवशी चार वाजता मशीनसमोर मी विषय काढला. "अबे, शिवाईवर बस ना. डॉक्टर सांगून राहिला, तरी काऊन ऐकत नाहीस?"

"सुई घेऊन बसू? मी? लोकं हासतीन."

"हसू दे. पाय त वाचन."

त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. हल्या उभा होता, धापा टाकत, हात खाली सोडून. "हे पाह्य. हल्याले राखण नसते, टिंक्या. बारीक अंगाचे करतेत राखण. आपण मार खाचा अन् सरकाचं. चालते तोवर चालते."

मस्करी करत नव्हता. आठ वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलेलं खरं बोलत होता. मी तोंड उघडलं. निळं बटण त्याच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर होतं. तार नाही रे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण ते बोललो असतो तर तुला कधीपासून माहीत, हे त्याने विचारलंच असतं. मी म्हणालो, "थोडा आराम कर." आणि त्या दिवशीही मीच जिंकलो.

दिवाळीला शिवाईची जागा दुसऱ्याला गेली.

पुढची दोन वर्षं तो उचलतच राहिला. कमरेला पट्टा, गोळ्या, कधी भिलाईचं कुठलं तेल. फळी चढताना डावा पाय जरा मागे राहायचा. मी काट्यावरून पाहायचो आणि आकडे लिहायचो. मला झोप येत नसे असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप येत होती. माणसाला सगळ्याची सवय होते, हे मी माझ्यावरून सांगतो. २०१० च्या पौषात तो पोत्यासकट फळीवरून खाली आला. पोतं फुटलं, तांदूळ सगळीकडे. पहिल्यांदा लोक तांदूळ गोळा करायला धावले. शपथेवर सांगतो, मी त्याच्याकडे धावलो. पण आता काय उपयोग होता त्या धावण्याचा?

ऑपरेशन झालं, दहा महिने खाटेवर गेले. डाव्या पायात जीव थोडाच राहिला. काठीशिवाय उभं राहता येईना. अंग उतरलं. खांद्याची हाडं दिसायला लागली, गालाची कातडी लोंबू लागली. उर्वशी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला जाऊ लागली. मी रविवारी जायचो, केळी न्यायचो, बसायचो.

२०११ च्या मार्चमध्ये छोटेलालने निरोप पाठवला. मोबाईल आल्यापासून पोरं त्याच्याकडे फिरकत नव्हती. खोली मोबाईल रिचार्जच्या दुकानाला द्यायची होती, मशीन भंगारात. या म्हणाला, शेवटचं खेळून जा, कॉइन लागणार नाही. मी ओमेश्वरला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेलो. पूर्वी माझ्या सायकलचं चाक बसलं असतं.

भर दुपार होती. पंखा बंद होता. मी सवयीने एक नंबरकडे निघालो, तर त्याने काठी आडवी धरली.

"थांब. आता मावतो का मी थ्या खांबात, पाहू दे."

मावला. खांब आणि मशीन यांच्यात तो सहज शिरला, वर बोटभर जागा उरली. त्याने काठी खांबाला टेकवली आणि म्हणाला, "पाह्य गा, मावलो!" त्याच्या आवाजात खुशी होती.

त्याने हल्या घेतला. मी काडी. दोन नंबरवर मी पहिल्यांदाच उभा होतो. माझा दांडा त्याच्यावर पडला आणि त्याचा अंगठा चुकून, किंवा सवयीने, निळ्यावर गेला.

हल्याने दोन्ही हात वर केले.

ओमेश्वरने बोट काढलं. हात खाली आले. पुन्हा दाबलं. हात वर. तो कितीतरी वेळ तसंच करत होता. मी मार थांबवला होता.

"याले त राखण हाये," तो म्हणाला.

त्याने माझ्या हाताखालच्या निळ्या बटणाकडे पाहिलं. वाकून ते स्वतःच दाबलं. काडी तशीच उभी राहिली, हात खाली सोडून.

"तुले माहीत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"मिस्त्री आला होता तवापासून. दोन हजार चार सालापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मी जिंकून राहिलो होतो म्हणून," मी म्हणालो. दुसरं काहीच नव्हतं सांगायला.

मला वाटलं तो काठी घालेल. घातली असती तर बरं झालं असतं. त्याने स्क्रीनकडे तोंड केलं आणि निळं दाबून धरलं. "मार," म्हणाला. मी मारत गेलो. दांडा, लाथ, आगीचा गोळा, जे येत होतं ते सगळं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, स्क्रीन दिसत नव्हती. हल्या हात वर करून उभा होता. त्याची पट्टी तसूभर हलली नाही. जवळ येऊन त्याने मला उचललंही नाही. वेळ संपला, दोघांच्या पट्ट्या भरलेल्या, आणि स्क्रीनवर एक शब्द आला जो आम्ही त्या मशीनवर कधी पाहिला नव्हता. कोणीच हरलं नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून छोटेलालने दिलेला चहा प्यालो. ओमेश्वर डाव्या मांडीवर हात फिरवत होता. तो म्हणाला, "उदारामले विचारशील का गा? शिवाईची जागा असन त बसतो मी. हासले त हासू दे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. विचारतो म्हणणं सोपं होतं. आठवडाभर तो आशेवर राहिला असता आणि मी रविवारी केळी घेऊन गेलो असतो.

"मागच्या दिवाळीले शिवाईची मशीन आली मिलमधी," मी म्हणालो. "आता हातानं नाही शिवत कोणी. जागा नाही राहिली."

त्याने मान हलवली. मग काठीसाठी हात पुढे केला. ती मी त्याच्या हातात दिली.

"बरं केलं," तो म्हणाला. "या खेपी सांगतलं."