साडेएकविसाव्या सेंटीमीटरवरचा खळगा

इथले अनुभव मी काही वर्षांपासून वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून सोडून देतो. अकोल्याच्या एमआयडीसीत कापसाच्या जिनिंग मशीनचे सुटे भाग तपासायचे, हे माझं काम. जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही. हे लिहिताना अडखळतोय ते त्यामुळेच… कारण यातलं बरंचसं मी मोजलेलं आहे.

माझे थोरले भाऊ – दादा – बडनेऱ्याला राहतात. रेल्वेत होते. तिथल्या एका जुन्या क्लबचं सामान विक्रीला निघालं तेव्हा दादा त्यातला डबल बास घरी घेऊन आले. व्हायोलिनसारखंच वाद्य, पण माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं. स्वतःच शिकले आणि अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात सव्वीस वर्षं वाजवला.

मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून डोळे उघडे असतात, पण ओळख नाही. हातपाय हलत नाहीत. अन्न नाकातल्या नळीतून. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवून पाहा. वहिनींनी बासच्या तारा छेडल्या, तर सर्वांत बारीक तार एका ठिकाणी दाबली की झर्रर्र वाजायची.

"असा आवाज ह्यायले कधी खपला नाई, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमी नीट करून आना."

माझी हत्यारं अकोल्याला, म्हणून पिकअपमध्ये घालून बास घरी आणला. बायकोनं सोफा सरकवता सरकवता ऐकवलंच – तुमाले साधी शिट्टी वाजवता येत नाई, अन् चालले बाजा दुरुस्त कराले.

दोष सापडायला वेळ लागला नाही. तारांखालच्या काळ्या पट्टीवर, वरच्या टोकापासून साडेएकवीस सेंटीमीटरवर, रुपयाएवढा खळगा. वर्षानुवर्षं बोट दाबून झिजलेला. स्टीलची पट्टी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पाती सरकवली – ०.३५ मिलिमीटर. बोट खळग्यात गेलं की तार पुढच्या उंच लाकडाला घासायची. सपाट ठोकळ्याला सँडपेपर लावून दोन रविवार घासलं. पट्टीचं आबनुसाचं लाकूड लोखंडासारखं चिवट. शेवटी ०.०५ ची पातीही आत जाईना. तार लावली, दाबली, छेडली. आवाज स्वच्छ.

माल पाठवण्याआधी पुन्हा मोजायची मला सवय आहे. आठ दिवसांनी, पिकअप बोलावण्यापूर्वी मोजलं… ०.१०.

वाटलं, आपलंच चुकलं. कारखान्यातलं दुसरं गेज आणलं. तेच. उन्हानं लाकूड सुकलं म्हणावं तर ते सगळीकडे सुकेल, एका रुपयाएवढ्या जागेत नाही. मग मी ती तारच काढून कपाटात ठेवली. पट्टीवर कागद गुंडाळून जोडावर सही केली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. पुढच्या रविवारी सही जशीच्या तशी. खाली ०.१५. त्याच्या पुढच्या रविवारी ०.२०.

हार्मोनियम-सतार दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आमच्या ओळखीचे. त्यांना काही न सांगता दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला, चष्मा वर केला.

"ये रंधे का काम नहीं है साहब, उंगली का है. बरसों बजाओ, तब इतना घिसता."

मी म्हटलं, तीन आठवड्यांचं आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

त्या शनिवारी बडनेऱ्याला गेलो. दर शनिवारी दादांची नखं मी कापतो. त्यांच्या बोटांवरचे घट्टे केव्हाच सोलून गेले होते, कातडी लहान मुलासारखी झाली होती, हे मी याच हातांनी चाचपलं होतं. त्या दिवशी डावं पहिलं बोट धरलं आणि नेलकटर खाली ठेवलं. टोक कडक होतं. मधोमध तार रुतल्यासारखी रेघ.

वहिनी दारात उभ्या होत्या. "पंधरा दिसापासून आहे," त्या म्हणाल्या. "मी कोनाले बोलली नाई."

मग मी पट्टीचं सांगितलं. सगळे आकडे, क्रमानं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी निर्णय मागितला होता. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पोटाला छिद्र करून नळी, गळ्याला छिद्र करून श्वास – ते करायचं, की आता जास्त काही करायचं नाही? धडधाकट असताना दादा म्हणायचे, मले असं पाडून ठेवू नका. ते वहिनींनाही माहीत होतं, मलाही.

"ते आतमंधी असतील तर मी धा वर्सं करीन," वहिनी म्हणाल्या. "नसतील तर कायले छळायचं? तुमी खोटं बोलत नाई, म्हणून तुमालेच विचारते. आहेत का ते?"

मी म्हणालो, "आहेत, वहिनी."

ऑपरेशन झालं. त्याला आता अकरा आठवडे झाले. दादा तसेच आहेत. डोळे उघडे, कधीकधी कडेनं पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, डोळे कोरडे पडले की येतं. बोटाचं टोक महिन्याभरात मऊ झालं. पट्टीवरचा खळगा ऑपरेशनच्या दिवशी ०.२० होता, कालच्या रविवारीही ०.२०. एकदाही वाढला नाही.

हे काय होतं, मला माहीत नाही. मिस्त्रींना नाही, डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. कोणाला काही कारण सुचलं तर ऐकायला तयार आहे. पण मला छळतं ते वेगळंच. दादा "मी आहे" म्हणत होते, की "मला सोडा" म्हणत होते… की यातलं काहीच नव्हतं? माझ्याकडे तीन आकडे होते आणि एक कडक झालेलं बोट. ते सांगून मी गप्प बसायला हवं होतं. वहिनींनी ऐकला तो आकडा नव्हता, माझा शब्द होता. तो मी मोजलेला नव्हता.