येलवालचं स्थळ

माझ्या धाकट्या दिराचं लग्न येलवालला जवळजवळ ठरलं होतं, आणि ते मी ठरवलं होतं. फक्त मला ते माहीत नव्हतं!

ह्यांची नगरहून म्हैसूरला बदली झाली, तेव्हा कुवेंपुनगरात आम्ही चार मराठी ख्रिस्ती घरं होतो. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये उपासना व्हायची. (हॉल म्हणजे दिवाण सरकवल्यावर उरायची ती जागा.) एकदा निवृत्त शिक्षिका मनोरमाबाई कडाडल्या, "आपणच गायचं, आपणच ऐकायचं, आपणच चहा प्यायचा! ही कसली प्रभूची सेवा? इथून जवळ येलवालला जालन्याकडच्या रत्नाबाई पाय मोडून पडल्यात. मराठी बोलायलासुद्धा कुणी नाही त्यांना."

झालं! शनिवारी डबे, पेटी आणि अख्खी मंडळी बसमध्ये. वाट विचारायचं काम माझं. कारण मला कन्नड येतं, असं मीच सांगत फिरायचे. येत होतं ते 'हौदु', म्हणजे 'हो'!

कोपऱ्यावरच्या माणसाने बोट दाखवलं, त्या घरात आम्ही शिरलो. दारात रांगोळी, आत सतरंज्या. एक गृहस्थ हात जोडून धावत आले.

मनोरमाबाई गहिवरल्या. "बघा, शेजारी किती मायेने सांभाळतात रत्नाबाईंना!"

गृहस्थांनी पेटी घेऊन बसलेल्या माझ्या दिराकडे, सुधाकरकडे बघत मला काहीतरी विचारलं.

"हौदु," मी म्हटलं.

आणखी काही विचारलं.

"हौदु, हौदु!"

घरभर आनंदीआनंद! उप्पीट आलं, केसरीभात आला, आणि रेशमी साडीतली एक मुलगी कॉफी घेऊन थेट सुधाकरपुढे उभी राहिली.

"वहिनी," तो पुटपुटला, "रत्नाबाईंचा पाय बरा झालेला दिसतोय!"

इतक्यात बाहेर जीप थांबली. टी. नरसीपूरहून खरा नवरामुलगा मामामावशांसकट उतरला!

मनोरमाबाईंनी इंग्रजीतून कसाबसा खुलासा केला, तेव्हा कळलं. पहिला प्रश्न होता, मुलगी पसंत पडली तर लग्न याच महिन्यात का? दुसरा, मुलगा इथेच राहील का? धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला! पण मुलीची आईच आधी खो खो हसली. पाहुण्यांचं आटोपल्यावर केसरीभाताचा डबा घेऊन तीच आम्हाला मागच्या गल्लीत रत्नाबाईंकडे घेऊन गेली.

"सलाम, बाई," मनोरमाबाई दारातूनच आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या रीतीने म्हणाल्या.

खाटेवरची म्हातारी कोपरावर रेलून उठली. "पुन्हा म्हणा."

"सलाम."

"अजून एकदा म्हणा ना. किती वर्षांनी ऐकतेय!"

आम्ही गायलो. मुलीची आई एक शब्द न कळता शेवटपर्यंत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून रत्नाबाईंचं जेवण तिच्याच घरून येऊ लागलं. आम्ही दर शनिवारी जायचो. ती आमच्याआधी हजर!

पुढे बदल्या झाल्या, चार घरं चार दिशांना गेली. आता पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये माईक आहे, एसी आहे. उपासना संपली की जो तो आपल्या गाडीकडे. शनिवारची दुपार मात्र अजून खायला उठते.

म्हैसूर सोडताना रत्नाबाईंच्या दारात मी मुलीच्या आईचा कन्नडमध्ये निरोप घेतला. ती रडता रडता हसायलाच लागली. रत्नाबाई म्हणाल्या, "अगं, 'जाऊन येते' म्हणायचं होतं ना? तू 'जाते, येणार नाही' म्हणालीस!"

त्यानंतर जाणं झालंच नाही. माझ्या सगळ्या कन्नडमध्ये तेवढं एकच वाक्य बरोबर निघालं!