चार बोल्ट

त्याचं खरं नाव असेल तर ते विजेच्या बिलावर. बाकी साऱ्या वस्तीत तो 'राहूद्या'. नवीन मशीन घ्यावं का, असं कुणी विचारायचा अवकाश, त्याच्या तोंडून पहिले शब्द हेच पडायचे: "राहू द्या! आधी जुनं उघडून बघतो." तीस वर्षं त्याने कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त केली, पुढे पुढे भांडी धुण्याचीही. या तीस वर्षांत दुकानदारांनी त्याच्या नावाने जेवढी बोटं मोडली, तेवढी स्वतःच्या व्याह्यांच्या नावानेही मोडली नसतील. राहूद्याला याचा अभिमान होता. अभिमानाच्या बाबतीत तो हात राखून वागणारा माणूस नव्हताच मुळी.

आणि का वागावं? एका घरातून घाबऱ्या घाबऱ्या फोन आला की कालच आणलेलं मशीन न्हाणीघरातून चालत पॅसेजमध्ये आलंय, बाहेर पडायच्या बेतात आहे. हा गेला, मशीनच्या मागे डोकं घातलं आणि हसत बाहेर आला. आतलं पिंप वाटेत हलू नये म्हणून कारखान्यातून चार लांब बोल्ट कसून पाठवतात. बसवणाऱ्यांनी ते काढलेच नव्हते. बांधून ठेवलेल्या माणसाला पळ म्हटलं तर तो खांबासकट पळणारच. राहूद्याने बोल्ट काढले, घरच्या बाईंच्या हातात दिले आणि दर वेळी म्हणायचा ते म्हणाला, "जपून ठेवा. घर बदलाल तेव्हा लागतील."

दुसरीकडे एक नवराबायको भांडी धुण्याचं मशीन परत करायला निघाले होते. काचेचे पेले पांढरट निघतात म्हणून दोघांत अबोला. तो म्हणे तू कोंबून भरतेस, ती म्हणे तुझी निवडच भिकार. याने आतलं एक झाकण उघडून दाखवलं. पाण्याचा जडपणा मारायला तिथे मीठ घालायचं असतं, आणि मशीन आणल्यापासून ते कुणी घातलंच नव्हतं. "मशीनही अळणी आणि तुम्हीही," म्हणाला. दोघं हसली, अबोला सुटला.

त्याच्या दोन पद्धती होत्या आणि त्या तो देवाने सांगितल्यासारख्या पाळायचा. पहिली अशी की, दुरुस्ती झाली तरी घरच्याच कपड्यांनी एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो हलायचा नाही. स्टुलावर बसून राहायचा, झाकणावर तळवा ठेवून. फेरी संपली की कपडे स्वतः बाहेर काढायचा, एकेक मुठीत दाबून पिळलाय का बघायचा आणि दोरीवर टाकूनच पाने-पक्कड पिशवीत भरायचा. दुसरी पद्धत निवडीची. खरोखरच नवीन घ्यायची वेळ आलेल्यांना तो आधी म्हणायचा, "मळक्या कपड्यांची टोपली दाखवा." लोक लाजायचे. पण टोपली खोटं बोलत नाही. कुणाकडे रोजचे चार सदरे, कुणाकडे बाळाची दुपटी, कुणाकडे मातीने भरलेले मोजे. टोपली पाहिली की घराला काय हवं ते त्याला कळायचं.

फक्त एक टोपली त्याने कधी पाहिली नव्हती. थोरल्या बहिणीची.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. नकाशे काढायच्या कचेरीत तिचा जन्म गेला. केसाएवढी बारीक रेघ ओढणारी तिची बोटं आता सांधेदुखीने वाकून गेली होती. नवरा गेल्यापासून एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खिडकीपाशी तिचं उतरतं टेबल अजून तसंच होतं आणि त्या टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तिच्याकडे वरून कपडे घालायचं जुनं उभं मशीन होतं, बावीस वर्षांचं. राहूद्याने त्यात रंग सोडून सगळं बदललं होतं.

ते मशीन गेल्या महिन्यापासून दर शनिवारी बिघडायला लागलं. "अरे धाकट्या, पाणीच घेत नाहीये." हा जाऊन बघतो तर मागचा नळ बंद. "आता फिरतच नाही." झाकण नीट लागलेलं नाही. पुढच्या शनिवारी पाणी सोडणाऱ्या नळीच्या जाळीत चमचा. त्यापुढच्या शनिवारी तर नुसतं बटण बंद. दर वेळी हा दोन मिनिटांत दुरुस्ती करायचा, फेरी चालवायचा, कपडे काढून वाळत टाकायचा आणि जिना उतरताना शीळ घालायचा. बावीस वर्षांचं यंत्र, पण आपला हात लागला की कसं सुतासारखं सरळ येतं!

पाचव्या शनिवारच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. ती परगावी असायची. "मामा, मशीन दर आठवड्याला बिघडतं म्हणे. शेजारच्या काकू सांगत होत्या. मी आईला इकडे घेऊन येते. संगणकाची खोली आहे ना, ती रिकामी करते."

"अगं, मशीन ठणठणीत आहे. मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच दर आठवड्याला बिघडतं ते कळतं तरी. उद्याचा सोडून पुढच्या शनिवारी मी येणार. तोवर तिचं तिला नीट जमत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर तिला घेऊनच जाणार."

भाचीचं चूक नव्हतं, हेच तर अवघड होतं. ताई लेकीकडे गेली असती, तिथे प्रेमाने राहिलीही असती, आणि संगणकाच्या खोलीत भिंतीकडे बघत एक दिवस विझून गेली असती. राहूद्याला हे पक्कं माहीत होतं. त्या घरातलं ते उतरतं टेबल, ती खिडकी आणि कपाटाची किल्ली ताईच्या कमरेला असणं, हीच तिची तब्येत होती.

दुसऱ्या दिवशी, पाचव्या शनिवारी, नळी निसटली होती. त्याने ती लावली, फेरी पूर्ण चालवली आणि एवढ्यात एका हॉटेलातून तातडीचा फोन आला. तिथलं भांड्यांचं मशीन स्वयंपाकघरात पाणी ओकत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो मशीनमधले कपडे न काढता उठला. "ताई, आजचे तेवढे तूच काढ गं." तो खाली उतरला, फाटकापर्यंत गेला, आणि टेस्टर वरच राहिल्याचं आठवून परत फिरला.

दार नुसतं लोटलेलं होतं. न्हाणीघरात ताई पाटावर चढून मशीनमध्ये कमरेपर्यंत वाकली होती. हातात स्वयंपाकाचा लांब चिमटा. तळाशी बसलेल्या ओल्या चादरीचं टोक ती वर ओढत होती, चिमटा सुटत होता, चादर परत धपकन खाली जात होती. पाट डुगडुगत होता.

"ताई, खाली उतर."

ती दचकली. उतरली. चेहरा लाल झालेला.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"मशीन ठणठणीत आहे, ताई."

"मग मी बिघडलेय म्हण! बोटांत जोर नाही, खोल हात पोचत नाही, ओली चादर उचलत नाही. महिनाभर मी नळ बंद करतेय, चमचे टाकतेय, आणि तू आपला पाना घेऊन धावतोयस. इतकी वर्षं लोकांच्या टोपल्या बघत हिंडलास, माझे हात नाही दिसले तुला?"

राहूद्या पाटावर मटकन बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते काही उगाच नाही. महिनाभर तो दुरुस्ती करत नव्हता, बहिणीचे धुतलेले कपडे मशीनमधून काढून वाळत घालत होता, आणि वर शीळ घालत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हॉटेलातला फोन तीनदा वाजला तरी त्याने उचलला नाही.

"आधीच सांगायचंस गं."

"सांगितलं असतं तर तू माझ्या लेकीला सांगितलं असतंस. आणि मला हे घर सोडायचं नाही."

"नाही सोडायचं," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज परत पहिल्यासारखा झाला. "उठ. टोपली दाखव तुझी."

टोपलीत थोडेच कपडे होते. हलके, सुती. जड म्हणाल तर एक चादर आणि दोन टॉवेल. सोमवारी तो ताईला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने चष्मा काढून पुसला, परत लावला. राहूद्या गिऱ्हाईक म्हणून आलाय यावर त्याचा विश्वासच बसेना.

"आजी, हे बघा, यात वाय-फाय आहे. चौदा प्रकारची धुलाई."

"त्याने कपडे आपोआप बाहेर येतात का?" ताईने विचारलं.

राहूद्याने पिशवीतून ओला टॉवेल काढला. दुकानदार "अहो, अहो" करतोय तोवर ताईने ओळीने समोरून उघडणारी सात मशीनं तपासली. दार आपल्या हाताने उघडायचं, टॉवेल घालायचा, काढायचा. कुठे खटका बोटांनी दाबला जाईना, कुठे बटणं नुसत्या काचेवरची. पाचव्याचं दार मनगटाने ओढलं तरी उघडत होतं आणि गोल खुंटी फिरवली की टकटक आवाज करून जागेवर थांबायची. सगळ्यांत साधं, सगळ्यांत कमी जाहिरात केलेलं. "हे," ताई म्हणाली. राहूद्याने यावेळी तोंडातून 'राहू द्या' काढलं नाही. त्याला ते जड गेलं.

पुढचे चार दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. ताईला भिंतीला टेकून उभी केली, तिच्या कमरेची उंची खडूने मारून घेतली, त्या मापाची लोखंडी घोडी वेल्डरकडून करवून जमिनीत पक्की केली, तिला पुढून कठडा लावला. वर मशीन चढवलं. चाकांची टोपली आणली, वाळत घालायची दोरी छातीच्या उंचीवर आणली. स्पिरिट लेव्हल ठेवून तीनदा सपाटी पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण मशीनच्या बाबतीत अंगणच वाकडं असतं, हे त्याचं आवडतं वाक्य. शुक्रवारी संध्याकाळी तो एक फेरी चालवून बघणार होता. ताईने हात आडवा केला.

"पहिली फेरी उद्या. तिच्यासमोर. आणि मी लावणार."

शनिवारी भाची आली. हातात मोठी रिकामी बॅग. ती तिने दाराशीच ठेवली. राहूद्याला स्टुलावर बसवून ताईने बजावलं, "उठलास तर बघ." मग तिने चादर घातली, टॉवेल घातले, दार मनगटाने ढकललं, खुंटी फिरवली. पाणी आलं. धुणं झालं. खळबळणं झालं. राहूद्या भाचीकडे बघून ऐटीत मान हलवत होता.

मग पिळायची वेळ आली आणि मशीनने जो काही थयथयाट सुरू केला! घोडी कडाडली, कठडा वाजू लागला, खिडकीच्या काचा थरथरल्या. भाचीने आईचा दंड धरला. "मामा, बंद कर ते!" राहूद्या स्टुलावर गोठला होता. पट्टा? मोटर? आस? तीस वर्षांचं सगळं शहाणपण डोक्यातून एकदम निघून गेलं, आणि दाराशी ठेवलेली ती बॅग तेवढी दिसत राहिली.

ताईने दंड सोडवून घेतला, पुढे झाली, खुंटी बंदवर फिरवली. मशीन गुरगुरत थांबलं.

"धाकट्या," ती शांतपणे म्हणाली, "बोल्ट काढलेस का रे?"

राहूद्याने कपाळावर हात मारून घेतला. गावभर, ताईलाही दहादा सांगून, ज्या गोष्टीवर हसला, ती स्वतःच केली, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या मशीनला. भाचीला हसू फुटलं. ते थांबेचना, शेवटी तिने डोळे पुसले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

त्याने प्लग काढला, मागे हात घालून चार बोल्ट सोडवले. ताईने पुन्हा खुंटी फिरवली. आता मशीन नुसतं गुणगुणलं. थांबल्यावर तिने दार ओढलं, चादरीचं टोक वाकड्या बोटांत अडकवलं आणि न वाकता, न ताणता, हात हात चादर टोपलीत उतरवली. टोपली ढकलत दोरीपाशी नेली. राहूद्या दोनदा उठला, दोनदा तिच्या नजरेने खाली बसला. शेवटचा टॉवेल तिने त्याच्या हातात दिला. "बघ पिळून." त्याने मुठीत दाबला. थेंबही पडला नाही.

भाची दाराशी गेली, बॅग उचलून पलंगाखाली सरकवली. "पुढच्या वेळी माझेच कपडे धुवायला आणते," म्हणाली.

राहूद्याने पाने आवरले. चार बोल्ट पुसून ताईच्या तळहातावर ठेवले आणि सवयीने म्हणाला, "जपून ठेव. घर बदलशील तेव्हा..."

ताईने बोल्ट घेतले, दोन पावलं गेली आणि केराच्या डब्यात टाकले. आयुष्यात एक स्क्रू न फेकलेला माणूस तो, झटकन ते काढायला वाकला. ताईने त्याचा खांदा धरला.

"राहू दे," म्हणाली.