माझ्या खिशातली गोळी

मित्रहो, आज सकाळी देवपूजा आटोपून, छाती जळत होती म्हणून नेहमीची गोळी चघळत मी कॉलेजला गेलो. तिथल्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं माझं काम.

आज ॲसिडिटीची गोळी किती आम्ल मारते, ते मुलं मोजत होती. गोळ्या कमी पडल्या. एक पोरगी हसून म्हणाली, "काका, तुमी ठेचा तं सोडत नाही, खिशातली गोळी तरी द्या."

तिनं माझी गोळी आम्लात विरघळवली, आम्ल संपलं की रंग दाखवणारा दर्शक टाकला आणि उरलेलं आम्ल मोजायला नळीतून थेंब थेंब अल्कली सोडलं. बराच वेळ पाण्याला रंगच येईना. मग एक थेंब पडला आणि सगळं गुलाबी झालं. देवानं एका थेंबाचंही माप ठेवलंय, हे पाहून माझे हात आपोआप जुळले.

आकडेमोड करून ती म्हणाली, "काका, गोळी तं चांगली हाय. मंग तुमाले रोज चार काहून लागतात?"

गोळ्याच हलक्या येतात, असं म्हणत मी दोन वर्षं डॉक्टरांना टाळलं होतं. तुम्हीही असंच काही टाळताय का?

हे दवाखान्यातून लिहितोय. आता माझाच नंबर आहे.