रोजचा रडका चेहरा

म्हसळ्याजवळच्या भातशेतीवाल्या घरातली तेजस्वी न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बघायची. हरिहरेश्वराच्या फोटोला हात जोडल्याशिवाय तिनं कधी कॉम्प्युटर चालू केला नाही. ट्रेलर गेटवर अडकला की ड्रायव्हर तिलाच फोन लावायचे. सेक्शनची प्रमुख आता हीच होणार, असं सगळे धरून चालले होते. तीसुद्धा.

मग शेजारच्या टेबलावर आश्लेषा आली. श्रीवर्धनची, सुपारीच्या बागायतदारांची मुलगी. कडक इस्त्रीचे कपडे, आणि हसणं असं, की मॅनेजर सलिल सर काम नसताना तिकडून चक्कर मारायचे. बघून तेजस्वीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यातच कंपनीनं सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकायला लावलं. मन प्रसन्न असलं की काम जास्त होतं म्हणे. रोज सकाळी ते विचारायचं, ‘आज मन कसं आहे?’ खाली चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तेजस्वीनं नुकतेच देवाला हात जोडलेले असायचे, खोटं कसं दाबणार? आश्लेषाकडे एकदा बघायची आणि रडका दाबायची.

एक दिवस सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “तेजस्वी, ॲपवर तुमचा ताण फार दिसतोय. प्रमुखपद आश्लेषाला देतोय. तुम्ही जरा निवांत राहा.”

“सर, माझं काम कुठं अडलंय?”

“काम नाही हो, तब्येत महत्त्वाची.”

बाहेर आश्लेषा पेढे वाटत होती. “अगं, रोज रडका दाबतेस म्हणे! वेडी कुठली. मी तर न बघताच पहिला दाबून टाकते.”

तेजस्वीनं पेढा तसाच टेबलावर ठेवला. हिला बघावंसुद्धा लागत नाही!

दुसऱ्या सकाळी तिचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर गेलं. मग फोटोकडे नजर गेली. तिनं रडकाच दाबला. थोड्या वेळानं ॲपवरून समुपदेशक बाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“ताई, नेमका त्रास कशाचा होतोय? मोकळेपणानं बोला.”

हेडफोन समोरच होता. तो तिनं लावला नाही.

“कामाचा नाही हो, बाई. शेजारच्या आश्लेषाचा मत्सर वाटतो. ती आली तेव्हापासून.”

आश्लेषाचा स्टेपलर हातातच राहिला. आजूबाजूचे टाइप करायचे थांबले.

“बोललात ते छान केलंत. आता कसं वाटतंय?”

तेजस्वीनं शेजारी बघितलं. आश्लेषाचं तोंड एवढंसं झालं होतं.

“जरा बरं,” ती म्हणाली. आणि तेही खोटं नव्हतं.